साडी दिली म्हणजे हिशोब फिटला का?

प्रश्न: ताई, आम्ही राजारामपुरीत राहतो. धुणं-भांडी, केर-फरशीला मावशी येतात, रोज 3 तास, रविवारी सुट्टी, पगार 6,000. यंदा गौरीला घर भरलेलं, म्हणून आवाहनाला आणि पूजनाला दोन्ही दिवस त्यांना सकाळी 8 ते संध्याकाळी 5 थांबवून घेतलं, आणि नंतरच्या रविवारी येऊन त्यांनी 4 तास बसून सगळी पितळी भांडी पण घासून दिली. मी 500 रुपये आणि साडी दिली. घेतली त्यांनी, पण जाताना म्हणाल्या, 'तुमच्याकडं थांबले आणि दुसऱ्या दोन घरांत खाडा पडला की वो वहिनी.' तेव्हापासनं मनाला लागून राहिलंय. सासूबाई म्हणतात सणाचं काम कोण तासावर मोजतं? किती द्यायला पाहिजे होते?

उत्तर: सासूबाईंना म्हणावं, आपण मोजत नाही पण त्या दोन घरांनी दिवस बरोबर मोजला बघा.

6,000 ला 26 नं भागा, कारण रविवारची सुट्टी पगारातच धरलेली असते. दिवसाला 231 येतात, 3 तासांचे, म्हणजे तासाला 77. शिरोलीच्या फाउंड्रीत ओव्हरटाइम झाला तर कायद्यानं डबल रेट लागतो. आपलं घर काही कारखाना नाही, आणि घरकामगारांसाठी 2008 ला आपल्या राज्यात कायदा झाला तो कल्याण मंडळाचा, जादा तासाचा रेट त्यात नाही, त्यामुळं कुणी तुमच्या दारात विचारायला येणार नाही, पण माप तेच धरावं असं माझं मत. तासाला 154. गौरीचे दोन दिवस रोज 6 तास जादा, म्हणजे 1,848 (पुरणपोळी खायला बसल्या तो अर्धा तास कापू नका हां, तो कुणीच कापू नये). रविवारचे 616. एकूण 2,464, त्यातले 500 दिलेत, राहिले 1,964. साडी ही भेट, ती हिशोबात येत नाही.

आता एक गंमत सांगते, आमच्याच गल्लीत बघितलेली. जादा पैसे द्यायचे असले की लोक 30 नं भागतात, तास 67 वर येतो, आणि खाडा कापायचा असला की तीच माणसं 26 नं भागतात, 200 च्या जागी 231 कापतात! एकच आकडा धरा की वो दोन्हीकडं. आणि कापायच्या आधी महिन्याला दोन भरपगारी रजा तरी द्या, आजारपण काय सांगून येतं का.

पैशाऐवजी बदली सुट्टी देऊ का, असंही बरेच जण विचारतात. देताना मावशींना विचारून द्या, कारण तुम्ही मंगळवारी सुट्टी दिली तरी बाकीची दोन घरं त्या दिवशी वाट बघतच असतात, मग ती सुट्टी कसली.

मावशींचं वय 18 ते 60 मध्ये असेल तर मंडळात नोंदणी झालीय का तेवढं विचारा, नसेल तर कागदपत्रांना मदत करा. आणि राहिलेले 1,964 आत्ताच द्या, दिवाळीच्या बोनसमध्ये घालून नको.

पुढच्या वर्षी थांबवायचं असेल तर श्रावणातच बोलून ठेवा, आणि आधी हे विचारा की त्यांच्या घरी गौरी किती वाजता आणतात.