यूव्ही टॉर्च आणली, पण काही चमकेना! (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला खोलीत अंधार करून सगळं चमकवायचं म्हणून यूव्ही (म्हणजे अतिनील किरणांची) टॉर्च मागवली. पण खोलीभर नुसता जांभळा उजेड पडतोय आणि चमकत काहीच नाही. टॉर्च खराब निघाली का?

खराब नाहीये, बहुतेक ३९५ नॅनोमीटरची आहे (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप, आकडा जितका लहान तितका प्रकाश जांभळ्याच्या पलीकडे, अतिनीलात). आपल्या डोळ्याला साधारण ४०० नॅनोमीटरपर्यंतचा जांभळा दिसतो आणि एलईडीचा प्रकाश काही एका आकड्यावर थांबत नाही, आजूबाजूला पसरतो, म्हणून ३९५ वाल्या टॉर्चमधून अतिनील किरणांसोबत भरपूर साधा जांभळा उजेडही येतो आणि मग चमकणाऱ्या वस्तूचा मंद रंग त्यात बुडून जातो. ३६५ ची टॉर्च घ्या, त्यातही पुढे काळी काच असलेली मिळाली तर फारच छान, कारण ती काच दिसणारा प्रकाश अडवते आणि अतिनील तेवढा पुढे सोडते. जांभळा रंग दिलेला साधा बल्ब ब्लॅकलाइट (यूव्ही दिवा) म्हणून विकतात तो मात्र घेऊ नका, तो गरम होतो आणि यूव्ही जवळपास देतच नाही.

आणि अंधार म्हणजे खरंच अंधार करा हो. दाराच्या फटीतून येणारा उजेड, चार्जरचा छोटा दिवा, सगळं बंद. पाच मिनिटं तसंच बसा, डोळे सरावू द्या आणि मग टॉर्च लावा.

सुरुवात टॉनिक वॉटरने, म्हणजे बाटलीत मिळणाऱ्या कडसर सोड्याने करा. त्यात क्विनिन नावाचं कडू द्रव्य असतं आणि ते अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने क्विनिनच्या द्रावणाची नळी लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात एकेका रंगातून सरकवत नेली, आणि जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे गेल्यावर ती नळी निळी उजळली! १८५२ मध्ये त्यानेच या प्रकाराला फ्लुरोसन्स हे नाव दिलं. तुम्ही घरी तेच बघताय.

आता यातला माझा सगळ्यात आवडता खेळ सांगते. दोन ग्लासात टॉनिक वॉटर घ्या, एकात चमचाभर साखर टाका, दुसऱ्यात चमचाभर मीठ. (खाली ताटली ठेवा, फेस उतू जातो.) ढवळलं की साखरेचा ग्लास तसाच निळा राहतो आणि मिठाचा डोळ्यांदेखत विझत जातो, मिठातलं क्लोराइड क्विनिनची ऊर्जा प्रकाश व्हायच्या आधीच काढून घेतं म्हणून. मुलांना आधी काही सांगू नका, नुसतं दोन वाट्यांत पांढरी पूड द्या आणि त्यांचे चेहरे बघा.

प्रश्न : कपड्यांच्या लिक्विड डिटर्जंटने पांढऱ्या कागदावर गुप्त संदेश लिहिला, पण यूव्हीखाली अक्षरं दिसत नाहीत. का?

कारण तुमचा कागदच चमकतोय! डिटर्जंटमध्ये कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे ब्राइटनर घालतात तसेच ब्राइटनर पांढऱ्या कागदातही असतात, मग निळ्यावर निळं कसं दिसणार. खाकी किंवा काळा कागद घ्या, पातळ ब्रशने लिहा आणि पूर्ण वाळू द्या. काही डिटर्जंटमध्ये ब्राइटनर नसतात, तेव्हा लिहायच्या आधी एक थेंब टॉर्चखाली धरून बघा. पेट्रोलियम जेलीही चालते, बोटाने काचेवर चित्र काढलं तर दिवसा नुसता तेलकट डाग वाटतो आणि अंधारात निळसर चित्र उमटतं.

प्रश्न : निळा सोडून दुसरे रंग घरच्या घरी मिळतील का?

मिळतील की. पिवळ्या हायलायटरची आतली कांडी पाण्यात बुडवून ठेवा, पाणी हिरवट पिवळं झळाळतं (ते प्यायचं नाही, बाटलीवर तसं लिहून ठेवा). निळा हायलायटर बऱ्याचदा चमकतच नाही, त्यामुळे घेताना पिवळाच घ्या. चिमूटभर हळद पातळ सॅनिटायझरमध्ये हलवून गाळ खाली बसू द्या, पाण्यात ती नीट विरघळत नाही पण अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मस्त पिवळी हिरवी उजळते.

लाल रंग हवा असेल तर पालक! पानं चुरगळून अल्कोहोलमध्ये भिजवा आणि गाळून घ्या. दिवसा हिरवंगार दिसणारं पाणी यूव्हीखाली रक्तासारखं लाल दिसतं. पान जिवंत असताना हरितद्रव्य आपली ऊर्जा अन्न बनवायला वापरतं, बाहेर काढल्यावर तसं काही करता येत नाही म्हणून ती लाल प्रकाश होऊन निघून जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ती बाटली दहा वेळा लाइट चालू बंद करून बघितली होती. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा गॅस, मेणबत्ती जवळ नको, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं.

प्रश्न : मुलांच्या डोळ्यांना त्रास होईल का?

टॉर्च वस्तूवर मारायची, चेहऱ्यावर कधीच नाही. ३६५ ची टॉर्च मंद वाटते म्हणून मुलं सरळ तिच्यात डोकावतात, आणि धोका तिथेच आहे, उजेड कमी दिसतो म्हणून डोळा सावध होत नाही पण किरण आत जातच असतात. पॉलिकार्बोनेटचा गॉगल घालायला द्या, तो यूव्ही अडवतो. आणि जंतू मारायचे यूव्हीसी दिवे येतात ते या खेळासाठी अजिबात वापरायचे नाहीत, त्यांनी त्वचा आणि डोळे दोन्ही भाजतात.

प्रश्न : मोबाइलवर फोटो सगळे जांभळे येतात, काय करू?

लेन्ससमोर पिवळा पारदर्शक कागद धरा, जांभळं बरंच कमी होतं आणि पिवळे, हिरवे, लाल रंग उठून दिसतात. निळी चमक मात्र त्याने मंदावते, टॉनिक वॉटरसाठी कागद काढा. फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि चमकणाऱ्या भागावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा.

प्रश्न : छताला लावायच्या चांदण्या टॉर्च बंद केल्यावरही चमकतात, हायलायटर का नाही?

चांदण्यांमधला पदार्थ ऊर्जा साठवून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, हायलायटर लगेच सोडून मोकळा होतो. याच पदार्थाचा मोठा शीट मिळाला तर भिंतीला लावा, मुलाला त्याला चिकटून उभं करा, डोळे मिटायला सांगा आणि मोबाइलचा फ्लॅश मारा, यूव्हीची गरजही नाही. मूल बाजूला झालं तरी सावली तिथेच राहते, आणि मग तेच मूल परत येऊन आपल्या सावलीच्या हातात हात ठेवून बघतं.