नळीतला प्रवाह आणि दुप्पट येणारे उत्तर

प्रश्न : बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्वाझेयचे सूत्र मांडताना माझ्या छेदात ८ ऐवजी ४ येतात. प्रयोगातही पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा आतला विरोध) ०.८ मिलिपास्कल-सेकंद आली. पुस्तकात १ आहे. पाणी ३० अंश सेल्सिअसला होते. चूक कुठे?

उत्तर : मांडणीत चूक आहे, प्रयोगात बहुधा नाही.

नळीच्या आसाभोवती पाण्याचाच एक बारीक दंडगोल कल्पा. त्याला पुढे ढकलणारे बळ = दाबफरक (नळीच्या दोन टोकांच्या दाबांतला) × पाय (π) × दंडगोलाच्या त्रिज्येचा वर्ग. त्याच्या कडेला लागून असलेले संथ पाणी त्याला मागे ओढते; ते बळ = श्यानता × २ × पाय × त्रिज्या × लांबी × वेगाचा उतार (आसापासून बाहेर जाताना वेग किती झपाट्याने बदलतो ते). प्रवाह स्थिर, म्हणून दोन्ही सारखी. बाहेरच्या बाजूला वेग घटतो, तेव्हा उतार ऋण घ्या. नळीच्या काचेपाशी वेग शून्य धरून इंटिग्रेशन केले की :

वेग = दाबफरक × (नळीच्या त्रिज्येचा वर्ग − दंडगोलाच्या त्रिज्येचा वर्ग) ÷ (४ × श्यानता × लांबी)

तुमचे ४ इथलेच. पुढे तुम्ही मध्यावरचा वेग नळीच्या पूर्ण क्षेत्रफळाने गुणला असणार. तो सर्वांत जास्त वेग. सरासरी त्याच्या निम्मीच. त्याऐवजी कांद्याच्या चकतीसारखी पातळ कडी पाडा, प्रत्येक कडीचे क्षेत्रफळ (२ × पाय × त्रिज्या × जाडी) तिच्याच वेगाने गुणा आणि बेरीज करा :

प्रवाह = पाय × दाबफरक × नळीच्या त्रिज्येचा चौथा घात ÷ (८ × श्यानता × लांबी)

हा चौथा घात प्वाझेय या फ्रेंच वैद्याने १८४०च्या सुमारास काचेच्या केशनलिकांवर (केसासारख्या बारीक नळ्यांवर) प्रत्यक्ष मोजून काढला होता, हे मला फार मोलाचे वाटते.

आता प्रयोग. पुस्तकातला १ हा आकडा २० अंशांचा. ३० अंशांना पाण्याची श्यानता ०.८०च असते. मात्र नळीचा व्यास नीट तपासा : त्रिज्या ५ टक्के जास्त मोजली तर श्यानता २१.५ टक्के जास्त येते. सूक्ष्मदर्शीतून दोन्ही टोके, दोन काटकोनी दिशांनी मोजा.

नळीला दाब देणाऱ्या पाण्याची उंचीही बेताची ठेवा. १ मिमी व्यासाच्या, ४० सेंमी लांबीच्या नळीला १० सेंमी उंची पुरते. ५ मिनिटांत सुमारे २२ मिली पाणी जमते. उंची फार वाढवली तर दाबाचा काही भाग पाण्याला वेग देण्यातच खर्च होतो आणि श्यानता फुगते. उंची व प्रवाहाचा आलेख काढा. रेषा जिथून खाली वाकते, तिथून पुढची वाचने सोडून द्या.