नायगाराचा पूल पायी ओलांडता येतो का?

प्रश्न : मी सांगलीची, वय ६३. उन्हाळ्यात मुलाकडे न्यू जर्सीला चाललोय आम्ही दोघं. नायगारा बघायचाच आहे, पण सगळे म्हणतात कॅनडाच्या बाजूनेच खरा दिसतो. तिथला पूल चालत पार करता येतो म्हणे, मग तासाभरासाठी पलीकडे जाऊन आलो तर चालेल का? आणि एवढ्या खोल दरीवर पहिला पूल बांधला तरी कसा असेल?

उत्तर : ताई, चालत जाता येतं, आणि जमत असेल तर चालतच जा. रेनबो ब्रिज नाव त्याचं, नदीपासून २०० फुटांवर, एका कमानीचा पूल, आणि पायवाट धबधब्याच्या बाजूलाच आहे त्यामुळे चालताना सगळं समोर दिसतं. मध्ये सीमेची पाटी आहे, एक पाय अमेरिकेत एक कॅनडात असा फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. ट्रक वगैरेंना तिथे बंदी आहे, ते नदीच्या प्रवाहात खाली असलेल्या लुइस्टनच्या पुलावरून जातात.

पण तासाभरासाठी असो नाहीतर पाच मिनिटांसाठी, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतोच, अमेरिकेचा आहे म्हणून चालत नाही. मुलाचं ग्रीन कार्ड असेल तर त्याला पासपोर्ट आणि कार्डवर जाता येतं, तुम्हाला नाही, आणि इथेच घरोघरी गोंधळ होतो, मुलगा म्हणतो चला की आई आणि आई पुलावर जाऊन अडकते. व्हिसा नसताना पलीकडे गेलात तर परत पाठवतात आणि मग अमेरिकेच्या खिडकीवर पुन्हा सगळी चौकशी, तेव्हा कृपा करून हे करू नका. कॅनडाचा व्हिसा इथूनच निघण्याआधी काढून घ्या, वेळ लागतो त्याला. आणि अमेरिकेत राहायची जी तारीख मिळेल ती लिहून ठेवा, कॅनडात काढलेले दिवस साधारणपणे त्यातच धरतात. व्हिसा नाहीच मिळाला तरी वाईट वाटून घेऊ नका, अमेरिकेच्या बाजूला पाण्याच्या इतक्या जवळ उभं राहता येतं की अंगावर तुषार येतात, फक्त समोरून दिसणारा अख्खा देखावा तेवढा पलीकडचा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो मला जास्त आवडला. पहिला पूल १८४८ चा, रेनबोपासून प्रवाहात थोडा खाली. दरी सुमारे ८०० फूट रुंद, खाली खवळलेलं पाणी, त्या जागी होडीतून दोर न्यायची सोयच नाही. मग इंजिनिअर चार्ल्स एलेट यांच्या कामासाठी पतंगाची स्पर्धा लावली, पलीकडे दोरा पोचवेल त्याला बक्षीस! होमन वॉल्श नावाच्या १५-१६ वर्षांच्या पोराने कॅनडाच्या काठावरून पतंग उडवून ते केलं. पहिल्या वेळी दोरा बर्फावर तुटला आणि नदीत बर्फ असल्याने वरच्या बाजूला चालणारी होडीही बंद, पोरगं बरेच दिवस कॅनडाकडेच अडकलं, पण त्याने पतंग दुरुस्त करून पुन्हा उडवला. मग त्या दोऱ्याला जाड दोरी, तिला दोरखंड, त्याला तारेची केबल, असं ओढत ओढत नेलं. संक्रांतीला गच्चीवर मांजा सोडणारी आपली पोरं आठवली की मला हे फार जवळचं वाटतं.

रेनबोच्या जवळच आधी दुसरा पूल होता, हनिमून ब्रिज म्हणायचे त्याला. २७ जानेवारी १९३८ ला नदीत बर्फ साचून त्याचे कमानीचे पाय ढकलले गेले आणि अख्खा पूल बर्फावर कोसळला, आधीच बंद केलेला म्हणून कुणी दगावलं नाही. म्हणून नव्या पुलाचे पाय पाण्यापासून बरेच वर घेतले, दोन्ही काठांवरून अर्धी अर्धी कमान पुढे सरकवत मध्ये जोडली आणि १ नोव्हेंबर १९४१ ला तो सुरू झाला. तुम्ही जाल तेव्हा कठड्यावरून वाकून बघा, कमान कड्याला टेकते ती जागा पाण्यापासून किती वर आहे ते लगेच कळेल.