नागपुरात वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. आतून थर्माकोल लावून पीओपी सिलिंग करावं का?

आतून करू नका. उष्णता अडवायची ती स्लॅबच्या वर. खालून सिलिंग केलं तरी काँक्रीट दिवसभर तापतंच, रोजच्या प्रसरण-आकुंचनाने भेगा पडतात आणि पावसाळ्यात गळती सिलिंगमागे लपून राहते. शिवाय थर्माकोल लवकर पेटतो. घरात उघडा नकोच.

गच्चीवर ५० मिमी एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरिन, थर्माकोलपेक्षा घट्ट फोम) बोर्ड टाका, घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर, कडा एकमेकींवर बसणाऱ्या. नुसत्या स्लॅबचं यू-मूल्य (उष्णता किती आरपार जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) साधारण ३.५ असतं, ते या बोर्डाने ०.५ च्या आसपास येतं. इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या केंद्राच्या ऊर्जाबचत नियमांत, छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे.

आधी भेगा भरा, १०० ला १ उतार तपासा, वॉटरप्रूफिंग करून ते पॅरापेटवर (गच्चीच्या कठड्यावर) ३०० मिमी चढवा, कोपऱ्यात गोलाई द्या. मग ४८ तास पाणी साठवून बघा. ही चाचणी टाळू नका, कारण नंतर गळती शोधायला सगळंच फोडावं लागतं. त्यावर बोर्ड, सांधे वीटकामासारखे आलटून-पालटून, मग जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड), जाळी घालून ५० मिमी काँक्रीट आणि वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. काँक्रीट मध्ये सांधे सोडून दोन-अडीच मीटरच्या चौकोनांत घाला, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात तडकेल.

काम बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. गरम डांबर किंवा सॉल्व्हंटचा गोंद बोर्डाला लागला की तो विरघळतो. आणि एक्सपीएस ७५ अंशांच्या पुढे मऊ पडतो. काळ्या वॉटरप्रूफिंगवर मे महिन्यात उघडा ठेवलात तर वाकडा होईल. जेवढे बोर्ड त्या दिवशी झाकता येतील तेवढेच अंथरा.

५० मिमी काँक्रीटचं वजन चौरस मीटरला १२० किलो भरतं. जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) तसाच ठेवून वर हे चढवायचं असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच.

एवढा खर्च यंदा जमत नसेल तर गच्ची घासून-धुऊन पांढऱ्या कूल रूफ पेंटचे दोन हात द्या. फरक चांगला पडतो, पण धूळ बसली की परावर्तन घटतं. म्हणून नवतप्याआधी (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांआधी) एकदा धुवा.

छत झाल्यावरही पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत राहिलं तर खोली तापणारच. तिला बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) किंवा ताडपत्री लावा, आतला पडदा उशिरा अडवतो. रात्री खिडक्या उघड्या हव्यात: इन्सुलेशन आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. कूलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा साचतो.