यूकेत मास्टर्सच्या पहिल्या असाइनमेंटला ६२ मिळाले, भारतात कायम ८५ च्या वर असायचे. झोप उडाली आहे, काय करू?

६२ वाईट नाहीत. तिथे मास्टर्सला साधारण ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ८० च्या वर क्वचितच कोणी जातं. हे घरच्यांनाही आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर दर निकालाला फोनवर तेच रामायण.

झोप उडवतो तो बहुधा परफेक्शनिझम, म्हणजे सगळं निर्दोषच हवं हा हट्ट. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून निर्दोष कामाची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा, आणि ‘लोकांना माझ्याकडून निर्दोषच हवं’ हा समज. नैराश्याशी जास्त नातं या तिसऱ्याचं. त्यात शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल तर विचारूच नका. मग पहिलाच परिच्छेद दहादा खोडला जातो, डेडलाइन हुकते, आणि अनेक विद्यापीठांत उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५ मार्क कापतात. घासूनपुसून वाढणार दोन, जाणार पाच!

म्हणून डेडलाइनच्या आठवडाभर आधी कच्चा मसुदा शेवटापर्यंत लिहून टाका. मग मार्किंगचे निकष समोर ठेवून जिथे वेटेज जास्त तिथेच सुधारा. आपल्याकडच्या मुलांचे मार्क बहुधा भाषेपेक्षा नुसती माहिती मांडण्यात जातात. दोन अभ्यासकांची मतं तोलून स्वतःची बाजू घ्यावी लागते. ट्यूटरला नेमकं विचारा, ‘७० साठी काय कमी पडलं?’

झोपेचं दोन आठवड्यांत सुधारलं नाही तर जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीज या सरकारी समुपदेशन सेवेला स्वतःच अर्ज करता येतो, मोफत. मुदतवाढ लागणार असेल तर अर्ज डेडलाइनआधी करा.