आज्जी फोनवर हात का ठेवते?

प्रिय अमोल,

रविवारी फोन ठेवून आपण तुझ्या पोहण्याच्या क्लासला निघालो, तेव्हा तू मला विचारलंस, "बाबा, आज्जी दर वेळी शेवटी स्क्रीनवर हात का ठेवते? मला नुसता अंधार दिसतो. हात इथं पोचत नाही, हे तिला कळत नाही का?" आणि सिग्नल सुटायच्या आत दुसरा प्रश्न : "हे सगळ्या मराठी लोकांत असतं, का फक्त आपल्या ख्रिस्ती लोकांत?" गाडी चालवत होतो म्हणून "सांगतो नंतर" म्हटलं. पण हे गाडीत सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय, हळूहळू वाच, अडलास तर मला हाक मार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डोक्यावर हात सगळ्या मराठी घरांत असतो. कोल्हापुरात आमच्या शेजारच्या काकू परीक्षेच्या दिवशी मला हाक मारायच्या, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायच्या आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायच्या. त्यांच्या देव्हाऱ्यात अंबाबाई, आमच्या भिंतीवर बायबलच्या वचनाचं कॅलेंडर. पण "औक्षवंत हो" म्हणताना त्यांनी कधी आतलं-बाहेरचं केलं नाही. मोठं माणूस गेलं की आपल्याकडं म्हणतात, "डोक्यावरचा हात गेला." तेव्हा हात मराठीच. आज्जी त्या हाताखाली प्रार्थना करते, तेवढा आपला भाग.

आता पहिला प्रश्न. आज्जी सात वर्षांची असताना तिची आई वारली आणि वडिलांनी तिला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. कोल्हापुरात मिशनचं काम जुनं आहे. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली तिथं आले. आज्जी दर रविवारी जाते ते वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. तुझा जन्म मेलबर्नमधला. म्हणजे परक्या मुलखात जन्मलेलं लेकरू ही गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. त्या काळी घरच्यांचं एक पत्र यायला महिने लागायचे.

तर त्या बोर्डिंगात मुली सतरंजीवर ओळीनं झोपायच्या. सांभाळणाऱ्या एक बाई होत्या, लहानपणीच विधवा झालेल्या, स्वतःचं मूल नसलेल्या. रोज रात्री त्या कंदील घेऊन ओळीतनं जायच्या, प्रत्येकीपाशी वाकायच्या, डोक्यावर हात ठेवून तिचं नाव घ्यायच्या आणि म्हणायच्या, "प्रभू, हिला सांभाळ." झोपलेल्या मुलीलाही सोडायच्या नाहीत. राखेनं भांडी घासून त्यांचा तळवा खरखरीत झालेला असायचा. आज्जी ओळीत शेवटून तिसरी. ती सांगते, "माझा नंबर येईपर्यंत मी डोळं उघडं ठेवायची. हात लागला की मग झोप." आईचा चेहरा तिला आता आठवत नाही, पण तो तळवा आठवतो.

म्हणजे बघ, तुझ्या डोक्यावर येणारा हात आपल्या घरात रक्तानं आला नाही. आपल्या कोणी नसलेल्या एका बाईनं तो आज्जीला दिला. त्यांना कुणी दिला असेल, हे मी बऱ्याचदा मनात मागं मागं शोधत जातो. बायबलात योहानानं आपल्या पत्रात लिहिलंय की आपण प्रेम करतो, कारण त्यानं, म्हणजे देवानं, आधी आपल्यावर प्रेम केलं. माझा शोध दर वेळी त्या "आधी"पाशी येऊन थांबतो.

हे पणजोबांचं ऐकल्याशिवाय तुला कळायचं नाही. तू दहा वर्षांचा झालास, आता सांगायला हरकत नाही. पणजोबा म्हणजे माझे आजोबा. सुतारकाम उत्तम करायचे, आपल्या कोल्हापूरच्या घरातलं शिसवी कपाट त्यांच्या हातचं. पण पोरांच्या अंगाला तो हात लागायचा तो फक्त मारायला. तुझ्या आजोबांच्या पाठीवर लहानपणी फोकाचे वळ असायचे. ते स्वतः कधी बोलले नाहीत, मला आत्यानं सांगितलं. पणजोबांना तरी त्यांच्या बापाकडनं काय वेगळं मिळालं असणार?

बायबलातल्या दहा आज्ञांमध्ये एक वाक्य आहे, बापाचं पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाण्याबद्दलचं. चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत ते मला भीतीदायक वाटायचं. मोजलं तर तिसरी पिढी मी आणि चौथा तू. पण आमचे पाळक तिथंच बोट ठेवून पुढची ओळ वाचायला लावायचे. त्या ओळीत देवाची दया हजारोंवर जाते. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात तर सरळ "हजार पिढ्या" असा हिशोब आहे. तीन-चार कुठं आणि हजार कुठं!

मी आठ वर्षांचा असताना पणजोबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. आज्जी त्यांची सून, तीच त्यांना पेज भरवायची, अंग पुसायची. आम्ही पोरं त्या खोलीत पाऊल टाकायला भ्यायचो. एका संध्याकाळी घरची प्रार्थना झाल्यावर आज्जीनं मला हाताला धरून नेलं आणि खाटेच्या कडेला जमिनीवर बसवलं. म्हणाली, "मामंजी, पोराला आशीर्वाद द्या." ते नुसते बघत राहिले. मग तिनं त्यांचा उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तो घसरला. तिनं परत ठेवला आणि वरनं आपला हात दाबून धरला. जड होता तो हात, गार होता, बोटाला बिडीचा वास होता. प्रार्थना आज्जीनंच केली. मी वर बघितलं तेव्हा पणजोबांच्या डाव्या डोळ्यातनं पाणी उशीवर उतरत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते डावा हात स्वतःच उचलायला लागले. तुझे आजोबा पहिल्या दिवशी दारात उभे होते, आत आले नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी कामावरनं आले, चप्पल काढली आणि माझ्या शेजारी खाली बसले. चाळिशीचा माणूस. डोकं पुढं केलं. बापाचा हात त्यांच्या डोक्यावर असा कधी आलाच नव्हता, तो त्या दिवशी आला.

मोठा झाल्यावर बायबलातल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचा अठ्ठेचाळीसावा अध्याय वाचला आणि मला आमची ती खोलीच दिसली. म्हातारा याकोब मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, अंथरुणाला खिळलेला आहे, डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्याचा मुलगा योसेफ आपले दोन मुलगे घेऊन येतो, मनश्शे आणि एफ्राईम. दोघं परमुलखात जन्मलेले, आजोबांचा मुलूख कनान न पाहिलेले. याकोब म्हणतो, हे दोघं माझे. हात तिरपे करून उजवा हात तो धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर ठेवतो. योसेफाला वाटतं बाबा चुकले, आणि तो हात धरून उचलायला बघतो. योसेफानं बापाचा हात हलवायला धरला, आज्जीनं सासऱ्याचा हात ठेवायला धरला. मला त्यातली आज्जी जास्त आवडते.

आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाच्या माणसांची नावं येतात, तिथं याकोबाबद्दल सांगितलंय ते हे, की मरताना त्यानं नातवंडांना आशीर्वाद दिला. इतकं मोठं आयुष्य त्याचं, रात्रभर देवदूताशी झोंबी घेतलेला माणूस, पण तिथं नोंद नातवंडांच्या डोक्यावरच्या हाताची. आज्जीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "मग मी काय येगळं करालेय?"

हात फोनमधनं पोचत नाही, हे तिला चांगलं कळतं. तिनं प्रार्थनेत ज्याला हाक मारली आहे, त्याला मेलबर्न लांब नाही, एवढा तिचा भरवसा आहे. पण डोक्यावर हात ठेवल्याशिवाय प्रार्थना करायची तिला सवय नाही. तुझं डोकं शेजारी असतं तर फोन कशाला लागला असता? डिसेंबरात नाताळाला आपण जातोय, करंज्या लाटायला तिनं आत्तापासून तुझं नाव घेतलंय. तोवर तुझ्या वाट्याला काच आहे.

तुला दिसतो तो अंधार तिच्या तळव्याचा आहे. परवा मी नीट बघितलं, कडेनं बोटांच्या फटीतनं लालसर उजेड येतो, तिच्यामागं स्वयंपाकघराची खिडकी आहे ना, तिचा. येत्या रविवारी तूही बघ. डोकं जरा पुढं कर. आणि "आमेन" ऐकू आल्याशिवाय फोन ठेवू नकोस. गेल्या वेळी तू आधीच ठेवलास आणि ती तिकडं तशीच हात धरून प्रार्थना पुरी करत बसली होती, आजोबांनी नंतर सांगितलं.

तुझा,
बाबा