"आम्ही खूप केलं, आता कुणी विचारत नाही"

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य महिन्यातून एकदा तरी येतंच. बोलणारे बहुधा साठी ओलांडलेले. कुणी संडे स्कूल चालवलेलं, कुणी चर्चच्या कमिटीवर वर्षं काढलेली. त्यातल्या एका काकांबद्दल सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकूच त्यांना घेऊन आल्या. झोप नाही, रविवारी चर्च सुटलं की घरात चिडचिड. काकांनी पिशवीतून अल्बम काढला. ३० वर्षं उपासनेत पेटी वाजवली, नाताळची नाटकं बसवली. आता एक मुलगा कीबोर्ड वाजवतो. तीन बैठका अल्बममध्येच गेल्या. मी ऐकत राहिले. (सल्ला देणं सोपं असतं हो.)

चौथ्या वेळी म्हटलं, "काका, वाजवलं, बसवलं, शिकवलं, हे सगळं ऐकलं. 'करतो' असं काय आहे?"

ते गप्प. बऱ्याच वेळाने अल्बम मिटत म्हणाले, "मान्ना."

मला कळेना.

"बायबलातलं ते अन्न, देव रोजच्यापुरतं द्यायचा. रानात इस्राएली लोकांनी उद्यासाठी राखून ठेवलं, त्यात किडे पडले. मीच शिकवायचो पोरांना."

मी आठवडाभर शोधत होते तो शब्द त्यांच्याकडेच होता. मान मिळत नाही म्हणून माणूस कडवट होतो, असं सगळे म्हणतात. मला उलटं दिसत आलंय: हात थांबतात, मग मान मोजायला वेळ मिळतो. म्हणून मी मनापासून सुरुवात करत नाही, हातांपासून करते. जुनी खुर्ची परत मागू नका, एवढं मात्र बजावते. काम लहान घ्या, आठवड्याचा वार ठरवा, गाजावाजा नको. काकांना नारायण वामन टिळकांची आठवण दिली, आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचे यजमान. कवी म्हणून नाव झालेलं असताना १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' उभारायला लागले.

"मी काही टिळक नाही," काका म्हणाले. पण हसले.

परवा आले ते अल्बमशिवाय. चर्चच्या अडगळीतली फाटक्या भात्याची पेटी घरी आणली होती; बोटांवर वाळलेला डिंक, नखात जुन्या चामड्याचा काळा भुगा. बैठक अर्ध्यातच सोडून उठले. पाचला वस्तीतल्या दोन मुली सूर शिकायला येणार होत्या, आणि काळी दोन पट्टी अजून अडकत होती.